वेल्समध्ये मित्रांकडे जाणार आहे. तिथल्या चॅपलमधल्या मोठ्या समूहगानात हिंदुस्तानी संगीत शिकलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या माणसाला गाता येईल का?

येईल. मी गायलोय. माझ्या मित्राची सासुरवाडी दक्षिण वेल्समधली. त्याच्या सासूबाईंनी मला फक्त ‘कुठला आवाज?’ एवढंच विचारलं. धर्म कोणी विचारला नाही.

या गाण्याला तिथे ‘कमान्वा गानी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, १८५९ च्या आसपास, ही प्रथा जोरात पसरली. यात वेगळा गायकवृंद आणि वेगळे श्रोते असं काही नसतं, आलेला प्रत्येकजण गातो. सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) अशा आवाजांप्रमाणे बसायचं, त्यामुळे नवरा-बायकोसुद्धा वेगवेगळ्या बाकांवर. तुम्ही पुरुष असाल आणि हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गात असाल तर डोळे मिटून बासमध्ये जा.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, येत नसेल तरी अडत नाही. वेल्समधली कित्येक भजनाची पुस्तकं ‘टॉनिक सोल-फा’ लिपीतही छापलेली असतात. इंग्लंडच्या सारा ग्लोव्हरची कल्पना आणि जॉन कर्वेनने तिचा केलेला प्रसार, असा तिचा इतिहास. ओळीत नुसती अक्षरं : ड, र, म, फ, स, ल, ट. वरच्या-खालच्या सप्तकासाठी अक्षराशेजारी बारीक खूण, आपल्या तार-मंद्राच्या टिंबासारखी. आणि ‘डो’, म्हणजे तो ‘ड’, आपल्या सा-सारखा कुठल्याही पट्टीत असू शकतो, तो वर लिहिलेला असतो. ए फ्लॅट लिहिलं असेल तर मनात म्हणायचं, काळी चार. मी पहिली दोन पदं चक्क सरगम म्हणत बसवली.

गंमत पुढे आहे. वेल्श लोकांना मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या, चाली फार प्रिय. जोसेफ पॅरीची ‘ॲबरिस्टविथ’ ही चाल घ्या. आपल्या कानाला तिचा सा स्पष्ट ऐकू येतो, पण कागदावर तिथे ‘ल’ लिहिलेला, कारण या लिपीत मायनर चालीचा आधारस्वर ‘ल’ धरतात. बुद्धी एक सांगते, गळा दुसरंच. अशा चाली आधी घरी ऐकून जा.

पण खरी परीक्षा वेगळीच. आपल्याला तानपुऱ्याची सवय, आणि भजनी मंडळात शेजारचा गातो तेच आपण गातो. इथे मागच्या बाकावरचे टेनर भलताच सूर लावतात आणि तुम्ही तिकडे ओढले जाता. शिवाय बासच्या वाट्याला कधी कधी कितीतरी वेळ एकच सूर येतो. तो सरळ धरायचा. मींड नको, हरकत तर नकोच. आयुष्यभर जे कमावलं ते दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवावं लागतं. मला ते सुरुवातीला जड गेलं, मग ‘कूम रोन्दा’ आलं. जॉन ह्यूजने १९०७ मध्ये बांधलेली ही चाल रग्बीच्या सामन्यांतही गातात. तिची शेवटची ओळ वरवर चढत जाते आणि खालचे आवाज तिच्यातले शब्द पुन्हा उचलतात. शेकडो माणसांत आपला एकच साधा सूर त्या चढाला खालून आधार देतोय हे छातीत जाणवतं. असं सुख मला एकट्याने ख्याल गाताना मिळालेलं नाही. समोर उभे राहून गाणं चालवणारे संचालकही रसिक असतात. मनासारखं झालं तर शेवटचा भाग पुन्हा, नाही झालं तरी पुन्हा!

भाषेला घाबरू नका. वेल्श बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचतात, फक्त अक्षरांचे नियम वेगळे : ‘एफ’ म्हणजे व, ‘डब्ल्यू’ बहुधा ऊ. मित्राकडून म्हणवून घ्या आणि देवनागरीत लिहून काढा.

श्रद्धेचं म्हणाल तर अर्थ आधी विचारून घ्या. एखादी ओळ मनाला पटली नाही तर तेवढी गप्प राहून चालतं. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली, ती पदं ओळखीची असतील तर भाव परका वाटणार नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला जाणार असाल तर राष्ट्रीय आइस्तेद्वोद या वेल्श साहित्य-संगीत महोत्सवाच्या वेळीही कमान्वा असते. महोत्सवाचं गाव दरवर्षी बदलतं, तेव्हा तिकिटं काढण्याआधी ते बघून घ्या.