पाय मोकळा झाला, कंबर मात्र धरते

प्रश्न : वय ४४. मांडी घालून पैंजणाच्या कड्या जोडायचं काम करतो. चौदा महिन्यांपूर्वी चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीचं ऑपरेशन झालं. पायातली कळ गेली, पण थोडा वेळ बसलं की कंबर धरते. दिवसभर पट्टा आणि रोज एक वेदनाशामक गोळी चालू आहे. ऑपरेशन फसलं का? परत एमआरआय काढू का? – एक वाचक, हुपरी

उत्तर : फसलं म्हणू नका. दबलेली शीर मोकळी करायची होती, ती झाली. झिजलेली गादी काही त्यानं नवी होत नाही, आणि अशक्त झालेले स्नायू व्यायामाशिवाय भरत नाहीत.

आधी बैठक बदला. मांडी घालून पुढं वाकलं की कमरेचा बाक सपाट होतो आणि गादीवरचा ताण वाढतो. गुडघ्याइतक्या उंच स्टुलावर बसा, काम छातीच्या उंचीला आणा. तोवर जाड घडी केलेली चादर बुडाखाली घ्या. गुडघे कमरेच्या खाली राहिले पाहिजेत.

तीन दिवस घड्याळ लावून बघा, दुखणं वाढायच्या आधी किती मिनिटं बसता येतं. सरासरी २५ आली तर २० चा गजर लावा. वाजला की दुखत नसलं तरी उठायचं, दोन मिनिटं चालायचं. दर आठवड्याला दोनच मिनिटं वाढवा. चूक होते ती इथं : बरं वाटतंय म्हणून एका दिवसात ऑर्डर उरकायची आणि पुढचे दोन दिवस आडवं व्हायचं.

पट्टा प्रवासापुरता ठेवा. रोजच्या गोळीचा त्रास पोटाला आणि मूत्रपिंडाला होऊ शकतो, डॉक्टरांना विचारून कमी करा. शिरेच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन गोळी चालू असेल तर ती एकदम तोडू नका.

एमआरआयची घाई नको. ऑपरेशनच्या जागी व्रण दुखत नसलेल्यांनाही दिसतो. कळ पुन्हा पायात उतरली तर मात्र काढावा लागेल. लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला, पायाचा पंजा लुळा पडला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री कोल्हापूरच्या सरकारी सीपीआरसारखं मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : स्क्रू घालून मणके जोडलेत, सहा महिने झाले. गॅस सिलिंडर उचलू का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नको. आत १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, म्हणजे तीस किलोच्या घरात जातं. सर्जननी वजन उचलायला परवानगी दिली असेल तर पाणी दोन छोट्या बादल्यांत, दोन्ही हातांत सारखं, गुडघ्यात वाकून उचला. कमरेत पिळून वळू नका, पावलं टाकत वळा.