क्योतोत जपानी मिठाई आणि चहाची गाईडेड टूर घ्यावी का?

घ्या. तुम्ही आईवडिलांना घेऊन क्योतोला चालला आहात, घरचे सगळे शाकाहारी आहेत, आणि गाईडसोबत मिठाई-चहाची टूर घ्यावी की आपली आपणच दुकानं हिंडावीत, असं विचारलंय. माझं मत टूरच्या बाजूने आहे, फक्त ती निवडताना थोडं चिकित्सक व्हा. मी नोकरीनिमित्त ओसाकात राहतो. भारतातून कोणी पाहुणे आले की क्योतो ओघानेच येतं, त्यामुळे ही दुकानं गाईडसोबत आणि गाईडशिवाय, दोन्ही तऱ्हेने पाहून झाली आहेत.

जपानी पारंपरिक मिठाईला वागाशी म्हणतात. आपली जीभ मिठाईत तूप, खवा, वेलची, केशर शोधते. वागाशीत यातलं काहीच नसतं. अझुकी नावाचं लाल, बारीक कडधान्य (मूग, मटकी, उडदाच्या कुळातलंच) साखरेत शिजवून घोटलेला गोळा म्हणजे आंको, आणि त्याच्या जोडीला तांदळाचं पीठ किंवा चिकट तांदळाची मोची. बहुतेक प्रकार एवढ्यावरच उभे आहेत. त्यामुळे दुकानात काचेआडचं सुंदर फूल विकत घेऊन रस्त्यावर उभ्या उभ्या खाल्लं, तर ‘दिसायला छान, चवीला नुसतं गोड’ असं म्हणून माणूस पुढे जातो. माझ्यासोबत आलेले कितीतरी जण असेच पुढे गेले आणि मला प्रत्येक वेळी हळहळ वाटली. कारण ती मिठाई नुसती खायची नसतेच. पुढे येणाऱ्या कडू चहासाठी ती बनवलेली असते.

ते कसं, हे चांगला गाईड पहिल्या बैठकीतच दाखवतो. आधी मिठाई येते, कुरोमोजी नावाच्या सुगंधी लाकडाच्या काडीसोबत. त्या काडीने तुकडे करत मिठाई पूर्ण संपवायची. मग माच्चाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा, वाडगा येतो. साधारण दोन ग्रॅम पूड, साठ-सत्तर मिलिलिटर गरम पाणी, आणि बांबूच्या बारीक काड्यांच्या रवीने वर आणलेला फेस. वाडग्याची दर्शनी बाजू आपल्याकडे करून दिलेली असते. तिला ओठ लागू नयेत म्हणून वाडगा किंचित फिरवायचा आणि मग प्यायचा. तोंडात अजून गोडवा रेंगाळत असतो, त्याच्यावर हा हिरवा कडवटपणा येतो, आणि दोन्ही एकदम बदलतात. साखरेशिवाय चहा कधीच न प्यायलेल्या माझ्या आईने तो वाडगा तळापर्यंत रिकामा केला. आपल्या सवयीप्रमाणे एक घास, एक घोट असं केलं की ही मजा जाते. दुकानात एकटे गेलात तर हे कोणी सांगत नाही. सांगणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून तिथले लोक गप्प राहतात.

गाईडचा दुसरा मोठा उपयोग ऋतूसाठी. क्योतोच्या मिठाईवाल्यांच्या काचेआडचे नमुने महिन्यागणिक बदलत राहतात. जानेवारीत हानाबिरा मोची येते, तिच्या आत चक्क पांढरा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि गोड मुरवलेल्या गोबो नावाच्या मुळाची कांडी असते. वसंतात चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली साकुरा मोची, मेच्या सुरुवातीला ओकच्या पानातली काशिवा मोची, शरदात चेस्टनट. आईबाबा आले होते ते जूनच्या अखेरीस. तेव्हा जिकडेतिकडे एकच त्रिकोणी मिठाई दिसत होती, खाली पांढरट थर आणि वर अझुकीचे अख्खे दाणे. आईने विचारलं, ‘सगळ्यांकडे हीच कशी?’ गाईडबाईंनी तिला सांगितलं की ही मिनाझुकी, 30 जूनला खायची. वर्षाचा पहिला अर्धा भाग संपला, त्यातलं अमंगळ झाडून टाकायचं म्हणून त्या दिवशी लोक देवळात गवताच्या मोठ्या कड्यातून चालत जातात. लाल दाणे पीडा दूर ठेवतात अशी श्रद्धा. आणि त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा. जुन्या काळी उन्हाळ्यात दरबारी लोकांना हिवाळ्यात साठवलेला बर्फ मिळायचा. सामान्यांना तो कुठून परवडणार? त्यांनी त्याच्या आकाराची मिठाई केली. हे ऐकल्यावर आईने आणखी एक मागवली. चव तीच होती, पण आता तिला ती आवडली होती.

आता कुठे जायचं ते. माझ्या मते कुठल्याही मिठाई-टूरमध्ये शहराच्या उत्तरेकडचं इमामिया देऊळ असायलाच हवं. त्याच्या पूर्वेकडच्या दाराबाहेरच्या गल्लीत समोरासमोर दोन दुकानं आहेत, इचिवा आणि काझारिया. दोघांकडे पदार्थ एकच, आबुरी मोची. अंगठ्याएवढे मोचीचे गोळे, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवून, बांबूच्या काडीला टोचून, कोळशावर खरपूस भाजायचे आणि पांढऱ्या मिसोच्या गोड रश्शात बुडवायचे. इचिवा इ.स. 1000 पासून चालू आहे असं मानलं जातं. काझारियालाही काही शतकं झाली आहेत. या मोचीने रोगराई टळते असा जुना समज आहे, कारण हे देऊळच साथीच्या रोगांपासून रक्षणासाठीचं. दुकानदारीणबाई दारातच शेगडीपुढे बसून काड्या फिरवत असतात, आपण आत चटईवर बसायचं आणि सोबत चहा प्यायचा. जळका, खारट, गोड, सगळं एका घासात. क्योतोतला माझा सर्वांत आवडता पदार्थ कुठला असं विचारलं तर मी क्षणभरही न थांबता हेच नाव घेईन.

चहासाठी शहरातल्या तेरामाची रस्त्यावरचं इप्पोदो गाठा. 1717 पासूनचं दुकान, आणि आतच काबोकू नावाची बैठक आहे. तिथे ग्योकुरो, म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांचा हिरवा चहा, मागवा. पाणी, भांडं, पेले तुमच्यापुढे ठेवतात आणि चहा तुम्हालाच करायला लावतात. उकळतं पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत साधारण 60 अंशांपर्यंत निववायचं, मग पानांवर घालून दीड मिनिट शांत बसायचं. जेमतेम दोन-तीन घोट निघतात, दाट आणि जवळजवळ कढणासारखे. आपण चहा उकळणारी माणसं, त्यामुळे पाणी निववायचं म्हटल्यावर बाबांनी आधी नाकच मुरडलं. नंतर तेच दुसऱ्यांदा पाणी घालून बघू म्हणाले. आईवडिलांना रात्री झोपेचा त्रास असेल तर मात्र ग्योकुरो सकाळीच घ्या, त्यात कॅफिन भरपूर असतं. दुपारनंतर होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा तपकिरी चहा. तो सौम्य असतो आणि वडीलधाऱ्यांना हमखास आवडतो.

वेळ असेल तर क्योतोजवळच्या, चहासाठी नावाजलेल्या उजीला अर्धा दिवस द्या. जेआर रेल्वेच्या नारा मार्गाने क्योतो स्टेशनवरून अर्ध्या तासाच्या आत पोचता. उजीच्या पुलाशी त्सुएन हे 1160 पासूनचं चहाचं दुकान आहे, आणि जवळच ब्योदोइन या बौद्ध मंदिराचं फिनिक्स सभागृह (1053), दहा येनच्या नाण्यावर असतं ते. जपानमध्ये चहाची लागवड रुजवण्याचं श्रेय एइसाई या भिक्षूला देतात. 1191 मध्ये तो चीनहून चहाचं बी घेऊन आला. पुढे उजीच्या मळेवाल्यांनी झाडं झाकायचं तंत्र विकसित केलं. तोडणीआधी वीसेक दिवस मळ्यावर सावली धरली की पानातला थिआनिन (चव भरीव करणारा घटक) टिकतो, कडू कॅटेचिन कमी तयार होतात आणि चहाला ती गोडसर, भरीव चव येते. ही पानं वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळली की माच्चा. एक जातं तासाला चाळीसेक ग्रॅमच दळतं. चांगला माच्चा महाग का, याचं निम्मं उत्तर त्या जात्यात आहे. उरलेलं निम्मं जगभरातल्या मागणीत. 2024 च्या शरदापासून नामवंत दुकानांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा आणली, तेव्हा घरी न्यायला हवाच तो डबा मिळेल असं धरून चालू नका.

एक दुकान बहुतेक टूरमध्ये नसतं, पण मराठी माणसाने ते चुकवू नये. क्योतो विद्यापीठाच्या परिसरातलं र्योकुजुआन शिमिझु, 1847 पासून फक्त कोंपेइतो बनवणारं. कोंपेइतो म्हणजे अंगावर बारीक काटे असलेली साखरेची गोळी. तिरप्या फिरत्या कढईत साखरेचा पाक थोडा थोडा घालत दोन आठवड्यांहून जास्त दिवस ती वाढवत नेतात. संक्रांतीचा काटेरी हलवा आपल्या बायका मंद आचेवर परातीत पाक शिंपडत फुलवतात, अगदी तीच रीत. पूर्वी हिच्या पोटातही खसखस किंवा तीळ असायचे. ही मिठाई पोर्तुगीजांनी जपानात आणली. 1569 मध्ये लुईस फ्रोइश या मिशनऱ्याने क्योतोत ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून ती भेट दिली, आणि हा फ्रोइश जपानला येण्याआधी अनेक वर्षं गोव्यात होता, पाद्रीपदाची दीक्षाही त्याने तिथेच घेतली. मी पाहुण्यांना हे सांगतो तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात. चांगला गाईड हे दुकान विनंतीवरून कार्यक्रमात घालून देतो.

शाकाहाराचं म्हणाल, तर सगळ्या जपानी खाण्यात वागाशीइतकी निर्धास्त गोष्ट दुसरी नाही. जेलीसारखं जे दिसतं, योकान वगैरे, ते बहुधा कांतेनवर जमवलेलं असतं, म्हणजे आपला चायना ग्रास. तो समुद्री शेवाळापासून होतो. जपायचं ते तीन ठिकाणी. कास्तेला (स्पंज केक) आणि दोरायाकीत (आंको भरलेले पॅनकेक) अंडं असतं. कॅफेतल्या आधुनिक माच्चा पार्फे-मूसमध्ये जिलेटिन असू शकतं. आणि चहाघरात गोडासोबत काही खारं दिलं तर त्यात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असण्याची शक्यता मोठी. जैन पथ्य पाळत असाल तर जास्त विचारावं लागेल, कारण जोयो मांजू या पांढऱ्या, वाफवलेल्या मिठाईत कंद किसून घातलेला असतो, कुझु ही मुळाचीच खळ, आणि गोबोचं वर आलंच. हे सगळं दुकानात जपानीतून विचारणारं माणूस सोबत असणं, यासाठीच मी टूरचे पैसे वसूल समजतो.

टूर निवडताना थांबे मोजू नका. तीन तासांत आठ-दहा ठिकाणं दाखवणारी टूर म्हणजे निशिकी बाजारातून चालत चालत चाखणं. तिथे चालताना खाऊ नका अशी विनंती दुकानदारच करतात. तीन-चार ठिकाणी नीट बसवणारी, सहा-आठ जणांची टूर घ्या. नोंदवण्याआधी ईमेलने स्पष्ट विचारा: निदान एका ठिकाणी माच्चा समोर घोटून देतात का, त्या महिन्याची खास मिठाई कोणती असेल, आणि बसायला खुर्च्या आहेत का. शेवटचा प्रश्न आईवडिलांसाठी फार महत्त्वाचा, कारण तातामीवर (जमिनीवरच्या चटईवर) गुडघे मुडपून बसणं साठीनंतर अवघड जातं. संकोच करू नका. उरासेन्के घराण्याच्या गेनगेनसाई या चहागुरूंनी 1872 च्या क्योतो प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांसाठी टेबल-खुर्चीवरचा चहाविधी बसवला, त्याला र्यूरेइ म्हणतात, आणि तो पूर्ण मान्यतेचा विधी आहे.

घरी आणायला ताजी नामागाशी घेऊ नका, ती त्याच दिवशी खायची असते. वासानबोन साखरेची साच्यातली कोरडी हिगाशी, तोराया या दुकानाचं बंद पाकिटातलं योकान, कोंपेइतो आणि होजिचा मुंबईपर्यंत सुखरूप येतात. टूर शक्यतो सकाळची घ्या, नावाजलेल्या दुकानांतले चांगले नमुने दुपारी संपलेले असतात. आणि बुधवार टाळा, आबुरी मोचीची दोन्ही दुकानं सहसा त्या दिवशी बंद असतात.