माळकरी बाईनं मारायला शिकावं का?

"मॅडम, पोरगी कराटे लावायचं म्हणायलीय. पण आमच्या घरात कुणी आवाज चढवून बोलत नाही हो. हे शिकून तिचा स्वभाव तर बिघडणार नाही ना?"

सोलापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी आई विचारते, कधी आजी. एका वडिलांनी तर सगळं बोलणं झाल्यावर, दारात चप्पल घालता घालता विचारला. घर माळकरी असो, लिंगायत असो की जैन, काळजी एकच असते. हात उचलायला शिकलेलं माणूस शांत कसं राहणार? देवाधर्माच्या घरात हे शोभतं का?

हल्ली मी या प्रश्नाला एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पंचेचाळिशीच्या. कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय, हाताखाली दोन बायका. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही, संध्याकाळी भजन. एका पहाटे शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या रस्त्यानं फिरून परत येत होत्या. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्यानं हात घातला आणि गंठण तोडून नेलं. तक्रार वगैरे रीतसर झाली. त्या माझ्याकडे आल्या त्या चार महिन्यांनी, आणि बोलल्या ते गंठणाबद्दल नाहीच.

"मी ओरडलेच नाही मॅडम. समोरच्या बंगल्यात दिवा होता, माणसं जागी होती. तोंडातून आवाजच फुटला नाही. दगडासारखी उभी राहिले."

हे सांगताना त्यांचा अंगठा मानेवरून फिरत होता. पोत ओढली गेली तेव्हाचा वळ तिथे उठला होता. तो कधीच मिटला होता, पण अंगठा जागा विसरला नव्हता.

चार महिन्यांत त्यांचं फिरणं बंद झालं होतं. मोटारसायकलचा आवाज आला की छाती धडधडायची. आणि घरात, जिथे कुणी आवाज चढवत नाही त्या घरात, त्या अकरावीतल्या मुलीवर खेकसायला लागल्या होत्या. उशीर का झाला, ओढणी कुठे आहे, एकटी का गेलीस. मुलगी कराटेच्या क्लासला जायचं म्हणत होती आणि ताई तिला "बायकांच्या जातीला हे शोभत नाही" असं सांगत होत्या.

पहिल्या दोन भेटींत मी एकच काम केलं. दगड होणं हा भित्रेपणा नाही, हे त्यांच्या गळी उतरवलं. संकट अचानक आलं की शरीर कुणाला विचारत बसत नाही. कधी लढतं, कधी पळतं आणि कधी जागच्या जागी गोठतं. तिन्ही गोष्टी प्राण्यांत आहेत, माणसात आहेत. गोठलं की श्वास अडकतो, आणि आवाज तर बाहेर पडणाऱ्या श्वासावरच स्वार असतो. श्वास थांबला की आवाज येणार कुठून?

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती. चूक ज्यानं हात घातला त्याची."

हे त्यांच्या डोक्याला पटलं, पण अंगठा मानेवरून हलला नाही. इथे माझी भूमिका स्पष्ट सांगते. नुसत्या बोलण्यानं भीती जाते यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. भीती शरीरात शिरलेली असते आणि शरीराला शरीराच्याच भाषेत समजवावं लागतं. माझ्या कामाची पहिली काही वर्षं मी फक्त बोलत होते. आता काही जणांना मी चक्क तालमीत पाठवते, आणि ज्यांना पाठवलं त्यांतल्या बहुतेकांनी नंतर येऊन माझे आभार मानलेत.

ताईंना म्हटलं, मुलीला क्लास लावा, आणि तिच्याबरोबर तुम्हीही जा.

त्या दुखावल्याच. "माळ घालून मारायला शिकू? मुंगीसुद्धा मारत नाही मी."

मी विचारलं, "त्या पहाटे तुम्ही त्याला काही केलं नाहीत, ती अहिंसा होती का?"

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "नाही. भीती होती ती."

माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे, म्हणून जरा थांबते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. पहिल्या श्लोकाचा पहिलाच शब्द 'अभय'. अहिंसा येते त्याच्या पुढच्या श्लोकात. मला हा क्रम उगाच वाटत नाही. जो घाबरून गप्प बसतो त्याला आपण सोशिक म्हणतो, तोही स्वतःला तसंच समजतो, आणि आत मात्र राग कुजत राहतो. मग तो राग बाहेर निघतो घरातल्या सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसावर. ताईंच्या घरी ती मुलगी होती. शांतपणाच्या नावाखाली साठलेली अशी भीती मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

चौथ्या भेटीत मी त्यांना उभं केलं आणि म्हटलं, समोर कुणी अंगावर येतंय समजा, त्याला मागं व्हायला सांगा.

"अहो दादा, जरा मागं सरका की."

नजर खाली, खांदे आत, शेवटचा शब्द तर जवळजवळ पुसलेला. तीनदा सांगितलं, तीनदा तसंच. मलाही क्षणभर पुढचा रस्ता दिसेना. मग सहज विचारलं, "भजनात तुम्ही कुठे बसता?"

"पुढं. जयघोष मीच देते की."

"मग द्या."

"इथं?"

"इथंच."

त्यांनी पदर सारखा केला, पाय जमिनीला लावले, डोळे मिटले. "पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!" नाभीतून आलेला तो आवाज. काचेचं दार थरथरलं, बाहेर बसलेली माझी मदतनीस उठून आत डोकावली. मी म्हटलं, डोळे उघडा, ह्याच श्वासावर, ह्याच जागेवरून: मागं हो!

"मागं हो!"

माझंच पाऊल मागे गेलं.

ताईंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि खुर्चीत बसून रडल्या. दहा-बारा मिनिटं तरी. मी काही बोलले नाही, पाण्याचा पेला पुढे ठेवला. शांत झाल्यावर म्हणाल्या, "होता की आवाज. देवासाठी होता. माझ्यासाठी काढायचा असतो हे माहीतच नव्हतं."

इतक्या वर्षांच्या कामात मला असे क्षण थोडेच मिळाले. अंगठा तेव्हा मांडीवर होता, मानेवर नाही. माझ्या मते त्या बऱ्या होणार हे तिथेच ठरलं.

पुढचं काम प्रशिक्षक बाईंनी केलं. एका शाळेच्या पटांगणात सकाळी त्यांचा वर्ग भरतो. पहिले काही आठवडे मारणं नाहीच. उभं कसं राहायचं, अनोळखी माणसाशी किती अंतर ठेवायचं, चालताना मोबाईलमध्ये मान न घालता आजूबाजूला कसं बघायचं. मग मनगट सोडवणं. धरणाऱ्याच्या मुठीत अंगठ्याची बाजू कच्ची असते, झटका तिकडेच द्यायचा. मग तळहाताचा वार. मुठीनं मारताना सराव नसलेल्याची स्वतःचीच बोटं दुखावतात, म्हणून तळहाताचा मनगटाकडचा भाग वापरायचा. ताईंना तो भाग सापडेना तेव्हा बाई म्हणाल्या, "पीठ मळताना परातीत दाबता तोच." त्या दिवशी ताईंचा हात पॅडवर असा बसला, की पॅड धरणारी त्यांची मुलगी दोन पावलं मागे गेली आणि आईकडे बघतच राहिली.

आणि एक गोष्ट बाईंनी शिकवली जी मला शिकवता आली नसती. गळ्यातलं कुणी ओढलं तर धरून ठेवायचं नाही. मान चिरते, माणूस गाडीमागे फरपटत जातो. सोनं सोडायचं, गाडीचा नंबर बघायचा, ओरडायचं, 112 लावायचा. ताई धावतच माझ्याकडे आल्या. "म्हणजे मी तेव्हा सोडलं ते बरोबरच होतं!" बरोबरच होतं. फरक एवढाच की तेव्हा ते त्यांच्या हातून सुटलं होतं, आता त्या सोडू शकत होत्या. अध्यात्मात ज्याला सोडणं म्हणतात ते याहून वेगळं आहे असं मला वाटत नाही.

यजमानांची काळजी निराळी होती. उलट आपल्यावरच केस झाली तर? स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. मर्यादाही तिथेच लिहिली आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. चांगले प्रशिक्षक हेच सांगतात, सुटायचं आणि पळायचं. कराटे जपानभर पोचवणारे गिचिन फुनाकोशी तर कराटेत पहिला वार नसतो असंच शिकवत.

आता स्वभाव बिघडण्याबद्दल. काहींचा बिघडतो, हे मी लपवणार नाही. एक चौदा वर्षांचा मुलगा क्लासला गेला आणि शाळेत मारामाऱ्या करू लागला. खोलात गेल्यावर कळलं की त्याला घरीच मार बसत होता, आणि त्याचा क्लास असा होता की हरणाऱ्याला सगळ्यांसमोर हसत. दोष शिकण्याचा नव्हता. म्हणून क्लास निवडताना एक दिवस शांतपणे बसून बघा. शिकवणारा मुलीला हात लावण्याआधी विचारतो का, पळून जाण्याला शाबासकी देतो का, "नको" म्हटलं की थांबतो का, सराव संपल्यावर मुलं एकमेकांना नीट नमस्कार करतात का. पट्ट्याचा रंग आणि भिंतीवरच्या ट्रॉफ्या नंतर बघा. आणि ज्याच्यावर हल्ला नुकताच झाला आहे त्याला लगेच झटापटीच्या सरावात ढकलू नका. आधी झोप लागू दे, श्वास जागेवर येऊ दे. हे न पाळल्यामुळे शरीर पुन्हा गोठलेलं मी पाहिलं आहे.

ताईंच्या घरातलं खेकसणं कधी थांबलं हे त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. मुलीनं मात्र सांगितलं, "आई आता 'एकटी का गेलीस' विचारत नाही, 'कुठल्या रस्त्यानं आलीस' विचारते." एका नातेवाईकानं भर जेवणात नेहमीसारखा टोमणा मारला तेव्हा ताई म्हणाल्या, "हे मला आवडत नाही, पुन्हा बोलू नका," आणि त्यालाच भाकरी वाढली. आवाज चढला नव्हता म्हणे. जुन्या सवयीनं हातही थरथरला नव्हता.

मध्यंतरी सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. सात महिन्यांनी त्याच रस्त्यावर एकट्या फिरायला गेल्या होत्या. मागून मोटारसायकल आली.

"छाती धडधडली हो मॅडम, खोटं कशाला सांगू. पण श्वास सोडला, बंगल्याच्या भिंतीकडं सरकले, वळले आणि सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं."

"मग?"

"दूधवाला होता. राम कृष्ण हरी म्हटलं त्याला. तो पण म्हणाला, राम कृष्ण हरी माउली."