जर्मनीतील जुन्या फेर्टिगहाउसमध्ये टाइल्सखाली हीटिंग बसवता येते का?

आपण १९७४ सालचे फेर्टिगहाउस, म्हणजे कारखान्यात भिंती तयार करून जागेवर उभे केलेले घर, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नुकतेच विकत घेतले आहे. तळमजल्यावरील स्वयंपाकघरात आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात टाइल्सखाली हीटिंग घालता येईल का, आणि ते पाण्याचे असावे की विजेचे, असे आपण विचारले आहे. मी अशाच, १९७२ सालच्या घरात राहतो आणि दोन्ही प्रकार करून घेतले आहेत. हीटिंग घालता येते. मात्र पाणी की वीज हे ठरवण्याआधी जुन्या फरशीखाली काय आहे ते कळायला हवे.

अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून फुप्फुसात गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज, यावर जर्मनीत १९९३ साली बंदी आली. त्याआधीच्या घरांत व्हिनाइलच्या जुन्या फरश्यांमध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदात ते सापडू शकते. म्हणून आपण स्वतः काहीही उचकटू नका. जाणकाराकडून नमुना काढवून तो प्रयोगशाळेत तपासून घ्या. अॅस्बेस्टॉस निघाले, तर टीआरजीएस ५१९ या अॅस्बेस्टॉसच्या कामांसाठीच्या जर्मन नियमांनुसार पात्र असलेल्या माणसांनाच ते काम द्यावे लागते. हा खर्च टाळण्याचा मोह होतो, पण घरात मुले असोत वा नसोत, येथे तडजोड करू नये.

दुसरी गोष्ट चिपबोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा राळेने चिकटवून केलेल्या फळ्यांची, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. त्या काळच्या चिपबोर्डमध्ये फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ वापरली जात असे. बोर्ड जितका उबदार आणि हवा जितकी दमट, तितका त्यातून फॉर्माल्डिहाइडचा अपायकारक वायू अधिक बाहेर पडतो. वरच्या मजल्यावर लाकडी तुळयांवर असाच जुना बोर्ड असेल आणि त्यावर आपण हीटिंग घातले, तर आतापर्यंत थंड असलेला तो बोर्ड हिवाळाभर तापत राहील. लाकडावर पीसीपी (पेंटाक्लोरोफेनॉल) हे विषारी रसायन असलेले संरक्षक द्रव्य मारलेले असण्याचीही शक्यता आहे. त्यावर १९८९ साली बंदी आली. म्हणून मी न्हाणीघरातील जुना बोर्ड पूर्ण काढून टाकला, आणि आपणही तेच करावे असे मला मनापासून वाटते.

बोर्ड काढल्यावर तुळया उघड्या दिसतात, आणि त्या किती भार पेलतील हे बांधकाम अभियंत्याला तेव्हा नीट पाहता येते. साडेसहा सेंटिमीटर जाडीच्या सिमेंटच्या एस्ट्रिखचे, म्हणजे आपल्याकडच्या कोब्याचे, वजन प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १३० किलो भरते. या घरांच्या लाकडी मजल्यावर त्याचा विचारही नको. शिवाय लाकूड लवते आणि टाइल लवत नाही. आमच्याकडे आधीच्या मालकांनी टाइल्स थेट बोर्डवर चिकटवल्या होत्या, आणि त्यांचे सांधे दरवर्षी उकलत असत. आता तेथे स्क्रूने घट्ट बसवलेला नवा बोर्ड, त्यावर डिकपलिंग मॅट (लाकडाची हालचाल टाइल्सपर्यंत पोहोचू न देणारा थर), तीमध्ये विजेची तार आणि वर लवचीक अॅडहेसिव्हमध्ये बसवलेल्या टाइल्स अशी रचना आहे.

न्हाणीघरासाठी मी वीज निवडली, कारण जागा लहान आहे आणि ऊब सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच लागते. चार चौरस मीटरवर प्रत्येक चौरस मीटरला १५० वॅट धरले, तर ६०० वॅट होतात. दिवसाला तीन तास पूर्ण भाराने चालवले, तर १.८ युनिट लागतात. युनिटला ३५ सेंट धरले, तरी खर्च दिवसाला ६३ सेंट येतो. संपूर्ण घर मात्र असे तापवू नये.

स्वयंपाकघराचे गणित वेगळे आहे. तळमजल्यावर बहुधा काँक्रीटचा स्लॅब, त्यावर पातळ इन्सुलेशन आणि वर कोबा असतो. कोबा पुरेसा जाड आणि अखंड असेल, तर यंत्राने त्यात चर पाडून पाण्याच्या नळ्या बसवतात, त्यामुळे फरशीची उंची जवळजवळ वाढत नाही आणि दारे कापावी लागत नाहीत. खाली तळघर असेल, तर त्याच्या छताला आधी इन्सुलेशन लावून घ्या, नाहीतर ऊब खाली जाईल. रेडिएटरसाठीचे ६०–७० अंशांचे पाणी या नळ्यांत सोडता येत नाही. फरशीला सुमारे ३५–४० अंश पुरतात, म्हणून पाणी मिसळणारा वेगळा संच लागतो. पुढे हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता घरात आणणारे यंत्र, घेण्याचा विचार असेल, तर हेच कमी तापमान उपयोगी पडेल.

कारागिरांना काम देताना एक अट लेखी घाला. विजेच्या तारेचा रोध मॅट अंथरण्यापूर्वी, अंथरल्यावर आणि टाइल्स बसवल्यावर, असा तीनदा मोजून नोंदवला जावा. आमच्याकडे शेवटची मोजणी राहून गेली. थापीने तार दुखावली होती आणि ते सांधे भरल्यानंतर कळले, त्यामुळे दोन टाइल्स फोडाव्या लागल्या. पाण्याच्या नळ्यांचीही झाकण्यापूर्वी दाबचाचणी व्हायलाच हवी. विजेच्या हीटिंगचा तापमापक सेन्सर वेगळ्या रिकाम्या नळीतच बसवायला सांगा, म्हणजे तो बिघडला तर फरशी न फोडता बदलता येतो. भिंतीलगत चहूबाजूंनी मोकळी फट ठेवून ती सिलिकॉनने भरावी, आणि जोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियननेच वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या संरक्षक स्विचसह करावी.

काम संपले की लगेच हीटिंग सुरू करू नका. नवा सिमेंटचा कोबा घातला असेल, तर किमान २१ दिवस थांबावे लागते. अॅडहेसिव्हसाठी उत्पादकाने दिलेली मुदत पाळा. कोणाकडूनही दर मागवण्यापूर्वी नगरपालिकेच्या बांधकाम कार्यालयात जाऊन आपल्या घराची फाइल पाहा. तीत मूळ नकाशे असतील, तर मजल्याचे थर आणि तुळयांची मापे आपल्याला तेथेच मिळतील.