सेरोटोनिन वाढलं म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली, असं नसतं

तुम्ही विचारलंय, आईला एसिटालोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरची, सेरोटोनिनवर काम करणारी गोळी) चालू आहे. ‘सेरोटोनिन वाढवते, प्रतिकारशक्ती सुधारते, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घटवते’ असं छापलेली फाइव्ह-एचटीपीची (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं, त्या पदार्थाची) कॅप्सूल सोबत दिली तर चालेल का? तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन अति झाल्याचा त्रास, होऊ शकतो: घाम, थरथर, जुलाब, धडधड, ताप. डबीवर ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून हा धोका टळत नाही.

आता छापलेल्या दाव्याबद्दल. सेरोटोनिन हा पेशींमध्ये निरोप नेणारा रेणू; शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं. रक्तात उतरलं की प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) ते उचलून साठवतात; स्वतः बनवत नाहीत. जखम किंवा दाह झाला की तो साठा तिथेच मोकळा होतो. पुढे काय घडेल, ते समोरच्या पेशीवर कुठला रिसेप्टर (निरोप झेलणारा रेणू) आहे त्यावर ठरतं. उंदरांमध्ये हेच सेरोटोनिन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी खेचून आणतं. माणसाच्या मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पेशींना) मात्र ते टू-बी आणि सेव्हन या रिसेप्टरमार्फत शांत करतं. आतड्यात सेरोटोनिन बनवणारं एन्झाइमच नसलेल्या उंदरांमध्ये मुद्दाम कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) घडवला, तेव्हा तो सौम्य निघाला. म्हणजे तिथे जास्तीचं सेरोटोनिन आगीत तेलच ओतत होतं.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचंही, म्हणजे फ्री रॅडिकल्ससारख्या ऑक्सिडंट रेणूंमुळे पेशींना होणाऱ्या इजेचंही, तसंच. परीक्षानळीत सेरोटोनिन फ्री रॅडिकल्स निकामी करतं, शिवाय एनके पेशींना (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) मोनोसाइट्स या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या ऑक्सिडंट माऱ्यापासून वाचवतं. जाहिरातवाले नेमकं एवढंच उचलतात. पेशीच्या आत मात्र मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्राच्या) बाहेरच्या पडद्यावर बसलेलं मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे एन्झाइम त्याला मोडतं, आणि मोडलेल्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइड या ऑक्सिडंटचा एक रेणू सुटतो. हृदयाच्या स्नायूपेशींचं यातून नुकसान झालेलं प्रयोगांत दिसलंय. ही बाजू डबीवर कोण छापणार!

रक्तातलं सेरोटोनिन तपासून घ्यायचा विचार असेल तर पैसे वाचवा. एसिटालोप्रॅम प्लेटलेट्सचं उचलणंच थांबवतं, त्यामुळे आकडा कमी येणारच. त्यावरून मेंदूत किती आहे तेही कळत नाही, कारण रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही. साठा रिकामा असल्याने प्लेटलेट्स एकमेकींना नीट चिकटत नाहीत, म्हणून आईचे गुडघे दुखले तरी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका. एसिटालोप्रॅमसोबत या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.