मे महिन्यात एकट्याने जैसलमेर–तनोट : ती दुपार वाचवू नका

"जैसलमेरला सकाळी परवानगीचं काम उरकतो आणि दुपारी तनोटला निघतो, म्हणजे दिवस वाया जाणार नाही." पुण्याहून एकट्याने मोटरसायकलवर जैसलमेर–तनोट करायच्या तुमच्या नऊ दिवसांच्या बेतातलं हे एक वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. २०१८च्या मे महिन्यात मी हेच, जवळजवळ ह्याच शब्दांत, बायकोला फोनवर सांगितलं होतं. म्हणून हे लांबलचक उत्तर.

टायर, टूलकिट, कागदपत्रं, पंक्चरचं सामान ह्यावर काही लिहीत नाही. तुम्ही लडाख करून आलात, ते तुम्हाला ठाऊक असणार. फक्त लडाखचा अनुभव इथे उलटा नडतो, हे लक्षात घ्या. तिकडे अडचण डोळ्यांना दिसते: नाला, खडी, बर्फ. जैसलमेरच्या पुढे रस्ता काळाभोर, गुळगुळीत, सरळ आणि रिकामा. गाडी मजेत ऐंशीने पळते. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच तुम्ही आतून सुकत असता.

आता माझी गोष्ट. मला तनोट मातेचं मंदिर आणि लोंगेवाल्याचं युद्धस्मारक बघायचं होतं, आणि जमलंच तर मंदिराच्या पुढे भारत-पाक सीमेवरच्या खांबापर्यंत जायचं होतं. खांबासाठी परवानगी लागते एवढं वाचलं होतं. म्हणून सकाळी साडेनऊला एका कचेरीत जाऊन उभा राहिलो. कचेरीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडलं. दुसरीने कोऱ्या कागदावर अर्ज, आधारच्या दोन झेरॉक्स आणि फोटो मागितला. झेरॉक्सवाला लाइट गेली म्हणून दुकानाबाहेर पेपरने वारा घेत बसलेला. लाइट आली तेव्हा साहेब राउंडवर. मग 'बस, अभी आ रहे हैं'. हे 'अभी' दीड तास चाललं. साडेबाराच्या सुमाराला पाणी भरायला आलेल्या एका माणसाने सहज विचारलं, जाना कहाँ है? मी सांगितलं. तो म्हणाला, मंदिर आणि लोंगेवाल्याला तुम्हाला कसलीच परवानगी लागत नाही. ती लागते फक्त खांबाला, आणि त्याची सही करणारे सोमवारी येणार. त्या दिवशी होता शुक्रवार.

तीन तास मी ज्या कागदासाठी थांबलो होतो, त्याची मला गरजच नव्हती. खिडकीवरच्या एकालाही 'कुठे जायचंय' हा प्रश्न विचारावासा वाटला नाही. आज लिहितानाही डोकं तापतं. पण खरं सांगायचं तर कचेरीने माझे फक्त तीन तास खाल्ले. पुढचं सगळं मी स्वतः केलं.

चूक इथे झाली: गेलेली सकाळ वसूल करायला मी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलो. जेवलो नव्हतो. माझ्या गाडीचा, म्हणजे रॉयल एनफिल्ड हिमालयनचा, तापमानाचा आकडा ४७ दाखवत होता. तो इंजिनच्या धगीने थोडा फुगवून सांगतो, हे मान्य. तरी ४४ धरा. मनात एकच हिशेब: रामगढ ६५ किलोमीटर, तिथून लोंगेवाला चाळीसएक, तिथून तनोट तेवढंच. चार तासांत सगळं होतंय की!

होत नाही. कारण पहिलं, जाळीचं जॅकेट. पुण्यात तेच जॅकेट मे महिन्यात वरदान आहे, कारण हवा आपल्या कातडीपेक्षा थंड असते. कातडीचं तापमान साधारण ३५ धरा. हवा त्याच्या बरीच वर गेली की जाळीतून येणारा वारा अंगाला गार करत नाही, भाजतो. भट्टीचं दार उघडून त्यापुढे उभं राहिल्यासारखं. मी तर वर हेल्मेटची काच उघडी ठेवून चाललो होतो, 'वारा लागावा' म्हणून. डोळे आणि ओठ अर्ध्या तासात कोरडे ठणठणीत. नागपूर-चंद्रपूरकडची मंडळी हे वाचून हसतील. तिकडे शाळकरी पोरगंसुद्धा कान-डोकं दुपट्ट्यात गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. आम्हा पुणेकरांना ऊन म्हणजे काय ते लिंबू-सरबतापुरतं माहीत.

दुसरं, घाम. कोकणात घामाच्या धारा लागतात म्हणून आपण पाणी पितो. थरमध्ये हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी, कळतच नाही. 'मला तर घामच येत नाहीये' असं वाटत राहतं. संध्याकाळी टीशर्टवर मिठाची पांढरी रेघ दिसते तेव्हा कळतं. तासाला लिटरभर सहज जातो. मी साधं पाणी पीत होतो, तेही तहान लागेल तसं, आणि पाठीवरच्या पिशवीतलं पाणी एव्हाना चहाइतकं कोमट झालं होतं. कोमट पाणी माणूस आपोआप कमी पितो.

रामगढला पेट्रोल भरलं. पंपावरच्या मुलाने सावलीत बसायला सांगितलं, मी घड्याळाकडे बघून 'उशीर झालाय' म्हणालो. लोंगेवाल्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर गेल्यावर रस्त्यावर आडव्या आलेल्या वाळूच्या एका पट्ट्यात मागचं चाक हललं. मी सावरलो, आणि अंगावर काटा आला. भीतीने नव्हे. पाच मिनिटं झाली तरी काटा जाईना, उलट थंडी वाजल्यासारखं व्हायला लागलं. आणि मला ते आवडलं! 'चला, जरा गार वाटतंय,' असं मनात म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. एवढं एक वाक्य तुम्ही कुठेतरी लिहून ठेवा: रणरणत्या उन्हात थंडी वाजली तर ती गंमत नाही, त्याच क्षणी सावली शोधायची.

सावली म्हणजे एक खेजडी (आपली शमी) होती. तिच्याकडे वळलो, साइड स्टँड वाळूत टेकवला आणि उतरलो. स्टँडखाली दगड ठेवायचा असतो हे वीस वर्षं माहीत असलेला माणूस मी. गाडी सावकाश डावीकडे कलली आणि झोपली. क्लचचा लीव्हर मोडला. दोनशे किलोच्या आसपासची गाडी एरवी मी एकटा उचलतो. त्या दिवशी नुसता हँडल धरून उभा राहिलो आणि पुढे काय करायचं असतं हेच आठवेना. मोबाईल 'तापलो' म्हणून बंद पडला होता. तो सुरू असता तरी त्या जागी रेंज नव्हती.

एका मेंढपाळ बाबांनी लांबून पाहिलं, म्हणून हे लिहायला उरलो. त्यांनी त्यांच्या ढाणीवर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, नेलं, झोपडीच्या गारव्यात बसवलं, डोक्यावर-मानेवर टाक्यातलं पाणी ओतलं (टाकं म्हणजे पावसाचं पाणी साठवायला जमिनीत बांधलेलं गोल टाकंच, नावही आपल्यासारखंच) आणि वाटीवाटीने राबडी पाजली. आपली दुधाची नव्हे. बाजरीचं पीठ ताकात शिजवून केलेली, आंबट, मीठ घातलेली. 'पाणी' शब्दही तिकडे आपल्यासारखा ण असलेला, आणि त्या अवस्थेत तो ऐकून मला रडू आलं होतं. उन्हं उतरल्यावर गाडी आणि मी, दोघेही पिकअपमधून रामगढला. पुढचे दोन दिवस जैसलमेरमध्ये आडवा, त्यात एक दिवस सलाइन. तनोट राहिलंच.

तर तुमच्या बेताबद्दल. मी डॉक्टर नाही, एकदा आपटलेला माणूस आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

पहाटे पावणेपाचला उठा, उजाडताच निघा आणि साडेदहाला दिवस संपवा. संपवा म्हणजे खोलीत, पंख्याखाली. साडेदहानंतर उरलेलं अंतर उद्याचं. कचेरी, पंक्चर, रस्ता चुकणं, काहीही होऊन सकाळ गेली तर तो दिवस गेला. खोली एक दिवस वाढवा. नऊ दिवसांत दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे मन 'वसुली'च्या मागे लागत नाही. तुमच्या बेतात एकही मोकळा दिवस नाही, माझ्यातही नव्हता.

'मग चार वाजता निघतो' हेही नको. जैसलमेर आपल्या देशाच्या पार पश्चिमेला, घड्याळ मात्र सगळ्यांचं एकच. मे महिन्यात तिथे सूर्य डोक्यावर येतो तो पाऊण वाजता, आणि मावळतो साडेसातच्या सुमाराला. हवा सगळ्यात तापलेली असते ती साडेतीन ते पाच. सहानंतर तासभर ठीक. आणि रात्रीची राइड तर मुळीच नको. उंटाचे पाय लांब, त्यामुळे हेडलाइटमध्ये त्याचे नुसते पाय दिसतात, बाकीचा उंट नेमका आपल्या छातीच्या उंचीवर. गाई तर रात्री तापलेला डांबरी रस्ता धरूनच बसतात.

कपडे: हवा ३७-३८च्या वर गेली की जाळी बंद. पूर्ण अंगभर जॅकेट, आत सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट पाण्यात भिजवून, गळ्याशी आणि मनगटाशी वाऱ्याला जरा वाट. शर्ट हळूहळू वाळतो आणि तेवढा वेळ अंग गार राहतं. कोरड्या हवेत ही युक्ती फार छान चालते, मुंबईच्या दमटीत नाही. तासाभराने परत भिजवायचा. हेल्मेटची काच बंदच ठेवा.

पाणी: घड्याळ लावून, दर पंधरा मिनिटांनी घोटघोट, तासाला पाऊण लिटरच्या आसपास. नुसतं पाणी नको, दिवसाला दोन-तीन पाकिटं ओआरएस. पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओचं सूत्र असल्याचं बघा आणि एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला. 'जरा घट्ट करू' हा शहाणपणा नको. रंगीत खोक्यातली गोड सरबतं ओआरएस नव्हेत. २०२५मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) त्यांना ते नाव लावायची बंदीच केली. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेवा, माठासारखं काम करतो. ढाब्यावर छाछ मिळेल तिथे प्या.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यातल्या काही लघवीवाटे पाणी काढतात. आणि एसी ऑफिसमधून उठून थेट निघू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. आत्तापासून रोज दुपारी तासभर चालून या. शेजारी वेडा म्हणतील, म्हणू द्या.

सोबतच्या कुणात दिसलं, किंवा स्वतःच्या बाबतीत कळलं तर: बोलणं बरळल्यासारखं, चाल डगमगती, उलटी, अंग तापलेलं, तर तो उष्माघात समजा. क्रोसिन देऊन काही होत नाही. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, मान-काख-जांघ ओली, आणि १०८ला फोन. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

थोडं अवांतर. अहमदाबाद–वडोदरा एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, नकाशा तुम्हाला तिकडेच ढकलेल. पुणे–अहमदाबाद एका दिवसात साडेसहाशे किलोमीटर होतं, पण मे महिन्यात तो दिवस दोन करा. फलोदीवरून परत येणार असाल तर १९ मे २०१६ला तिथे ५१ अंश नोंदले गेले होते हे ध्यानात ठेवून त्या दिवशी पहाटे चारला उठा. इंदिरा गांधी कालवा दिसला की उडी मारावीशी वाटेल. काठ सिमेंटचे, उतरते, निसरडे आहेत, वर येता येत नाही. टायरची हवा पहाटे गाडी थंड असताना बघा, दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नका. जैसलमेरला खोली तळमजल्याची मागा. गच्चीखालची खोली स्वस्त देतात, कारण तिथला दगड रात्री बारापर्यंत धग सोडतो.

आणि परवानगी: मंदिर आणि लोंगेवाल्यापुरतं जायचं असेल तर कुठल्याही रांगेत उभं राहण्याआधी हॉटेलवाल्याला विचारा. खांबापर्यंत जायचंच असेल तर ते काम आदल्या दिवशी दुपारी करा. तेव्हा नाहीतरी रस्त्यावर जायचं नसतंच, आणि कचेरीत निदान पंखा तरी असतो. नियम बदलत असतात, माझ्या सांगण्यावर विसंबून वाद घालू नका.

पुढच्या वर्षी मी परत गेलो. उजाडताच जैसलमेर सोडलं, साडेसातला तनोटच्या देवळात होतो. १९६५च्या युद्धानंतर देवळाची सगळी व्यवस्था बीएसएफकडे आहे. तिथल्या जवानाने चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, परत किती वाजता निघणार? मी आठ म्हणालो. तो म्हणाला, साडेसात झालेत, चहा लवकर प्या.

आणि हो, क्लचचा एक जादा लीव्हर सीटखाली बांधून ठेवा. रामगढला माझ्या गाडीचा कुणाकडेच नव्हता.