वाचकांचे प्रश्न : परदेशातले सुट्टे पैसे आणि नाणेसंग्राहक

उन्हाळ्याच्या सहली ठरू लागल्या, मुलांकडे जाणाऱ्यांची तिकिटं निघाली, की आमच्याकडे एकाच विषयाची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्यांतली निवडक घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : पाच दिवसांच्या ग्रुप टूरने सिंगापूरला जातोय. वेळापत्रक गच्च आहे. नाण्यांच्या दुकानात जाण्याइतका वेळ मिळणार नाही. मग काही शोधता येईल का? (इंदिरानगर)

दुकानाची गरजच नाही. सिंगापुरात सध्या दोन मालिकांची नाणी चालतात. १९८५ पासूनच्या मालिकेवर फुलं-झाडं आहेत : ५ सेंटवर मॉन्स्टेरा, १० वर चमेली, २० वर पावडर पफ, ५० वर अलमांडा (आपल्याकडची पिवळी घंटी) आणि डॉलरवर सदाफुली. २०१३ च्या मालिकेवर शहर आहे : एस्प्लनेड, सरकारी घरकुलं, चांगी विमानतळ, बंदर, आणि दोन धातूंच्या डॉलरवर मर्लायन (सिंहाचं डोकं आणि माशाचं धड असलेलं शहराचं बोधचिन्ह). दोन्ही मिळून दहा नाणी होतात आणि त्यांची दर्शनी किंमत भरते ३ डॉलर ७० सेंट. पाच दिवसांत पुरं होण्यासारखं काम हेच. एक सेंटच्या मागे लागू नका, तो चलनात सोडणं २००२ मध्येच थांबलं.

अडचण नाण्यांची नाही, कार्डाची आहे. टूरमध्ये जेवण-तिकिटं आधीच भरलेली असतात, बाकी सगळं मोबाइलवर टॅप होतं, आणि पाच दिवसांत हातात एकही नाणं येत नाही. म्हणून २ आणि ५ डॉलरच्या नोटा मुद्दाम जवळ ठेवा आणि चहा, पाणी, फळं हॉकर सेंटरवर (खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात) रोखीने घ्या. परत आलेले सुट्टे रोज रात्री खोलीवर पाहा. नुसतं नाणं नको, त्याच प्रकारातलं सर्वांत कमी झिजलेलं ठेवा आणि बाकीची दुसऱ्या दिवशी खर्चून टाका. सुट्ट्यांत ब्रुनेईचं नाणं आलं तर फसवलं म्हणून परत करू नका. १९६७ च्या करारानुसार ब्रुनेई आणि सिंगापूरचा डॉलर एकास एक चालतो, त्यामुळे दुसऱ्या देशाचं नाणं आयतंच मिळालं.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला चार महिने राहणार आहोत. तिकडे बँकेतून नाण्यांचे रोल आणून त्यातून चांदीची नाणी काढतात म्हणे. नेमकं कसं? (नाशिक रोड)

सेवानिवृत्तांना याहून चांगला उद्योग नाही, पण बँक खातं मुलाचंच लागेल. बिनखात्याच्या माणसाला शाखा सहसा रोल देत नाहीत.

आधी आकडे. सेंटच्या रोलमध्ये ५० नाणी असतात (अर्धा डॉलर), निकेलच्या, म्हणजे ५ सेंटच्या, ४० (२ डॉलर), डाइमच्या, म्हणजे १० सेंटच्या, ५० (५ डॉलर), क्वार्टरच्या, म्हणजे २५ सेंटच्या, ४० (१० डॉलर) आणि हाफ डॉलरच्या २० (१० डॉलर). १९६४ पर्यंतचे डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे होते. १९६५ पासून डाइम-क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली, पण हाफ डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के राहिली. तो हातोहाती फारसा फिरत नाही, त्यामुळे जुना माल त्यातच अडकून राहिला आहे. सुरुवात तिथूनच करा. पूर्ण पेटी मागवायची तर मुलाला आठवडाभर आधी शाखेत सांगून ठेवावं लागतं : ५० रोल, हजार नाणी, ५०० डॉलर, वजन ११ किलोच्या वर. उचलताना कंबर सांभाळा. छापील गुंडाळीतल्या कोऱ्या रोलपेक्षा गिऱ्हाइकांनी हाताने गुंडाळून बँकेत भरलेले रोल मागा. कुणीतरी घरचा जुना डबा रिकामा केलेला असतो तो तिथेच सापडतो.

रोल फोडला की एकेक नाणं वाचत बसू नका. सगळी नाणी आडवी एका ओळीत ठेवून कडा पाहा. तांबं-निकेलच्या नाण्याच्या कडेला तांबूस पट्टा स्पष्ट दिसतो. ९० टक्के चांदीची कड सलग पांढरी असते. ४० टक्केवाल्याला फिकट, मळकट पट्टा असतो आणि घाईत नेमकं तेच निसटतं. वजनावरही फार विसंबू नका. ९० टक्के चांदीचा हाफ डॉलर १२.५० ग्रॅम, ४० टक्क्यांचा ११.५० आणि साधा ११.३४. शेवटच्या दोघांत फरक अवघा १६ सेंटिग्रॅम. चाळीस-पन्नास वर्षं झिजलेल्या नाण्यात तो विरून जातो. तिथे सालच पाहायचं. क्वार्टरमध्ये मात्र फरक ठसठशीत आहे : ६.२५ विरुद्ध ५.६७.

निकेलमध्ये १९४२ ते ४५ च्या युद्धकाळातली ३५ टक्के चांदीची नाणी असतात. मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर असलं की तेच. १९४२ मध्ये साधी आणि चांदीची दोन्ही पाडली गेली, म्हणून त्या सालाला अक्षर पाहणं जास्त गरजेचं. अलीकडच्या नाण्यांत २०१९ आणि २०२० चे ‘डब्ल्यू’ क्वार्टर शोधा. वेस्ट पॉइंट टांकसाळीने दोन वर्षांत दहा प्रकार पाडले, प्रत्येकी २० लाख, आणि थेट चलनात मिसळले. वॉशिंग्टनच्या शेंडीमागे बारीक ‘डब्ल्यू’ दिसतो. याउलट ‘१७७६–१९७६’ असं दुहेरी साल दिसलं की हरखून जाणारे पुष्कळ असतात. सुट्ट्यांत मिळणारं ते नाणं अगदी सामान्य आहे.

दोन व्यावहारिक गोष्टी. चाळून झालेली नाणी जिथून आणली त्याच शाखेत भरू नका. तेच रोल फिरून तुमच्याच हातात येतील आणि शाखेतली मंडळी वैतागतील ती वेगळीच. आणि सुपरमार्केटमधल्या नाणी मोजणाऱ्या यंत्राचा परतीचा कप्पा येता-जाता पाहत चला. यंत्र चांदीची आणि परदेशी नाणी नाकारतं, आणि लोक ती तिथेच टाकून जातात.

परतताना एक मर्यादा लक्षात ठेवा. अमेरिकेबाहेर सेंट आणि निकेल मिळून फक्त ५ डॉलरपर्यंत जवळ नेता येतात. संग्रहासाठी असल्याचं स्पष्ट असेल तर २५ डॉलरपर्यंत. हा नियम नाणी वितळवणाऱ्यांसाठी आहे, पण लागू सगळ्यांना होतो.

प्रश्न : आणि कॅनडात? लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला जातेय. (पंचवटी)

तिथे चुंबक न्या. कॅनडाच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये १९६६ पर्यंत ८० टक्के चांदी होती. १९६७ मध्ये काही ८० टक्क्यांची, काही ५० ची. १९६८ मध्ये काही ५० टक्के चांदीची आणि काही निव्वळ निकेल धातूची. साल एकच, दिसायलाही सारखी. निकेल चुंबकाला चिकटतं, चांदी चिकटत नाही. म्हणजे १९६८ चं न चिकटणारं ते ठेवायचं. १९७३ चा घोडेस्वार पोलिसाचा क्वार्टर मिळाला तर राणीच्या बाजूच्या कडेचे ठिपके भिंगाने मोजा. १२० असतील तर नेहमीचा, १३२ असतील आणि राणीचं चित्र किंचित मोठं असेल तर दुर्मीळ. बाळ झोपलेलं असताना करायचं काम आहे.

प्रश्न : भाचा लेस्टरला शिकतो. लंडनच्या ‘क्यू गार्डन’ या वनस्पती उद्यानाचं चित्र असलेलं ५० पेन्स त्याला मिळेल का? मोबाइलवर तर हजारो पौंडांच्या किमती दिसतात. (गंगापूर रोड)

त्या मागितलेल्या किमती असतात. मागायला काय जातं? लिलावाच्या साइटवर ‘विकलं गेलेलं’ हा चाळणीचा पर्याय लावला की खरा भाव दिसतो आणि तो बराच खाली असतो.

२००९ चं क्यू ५० पेन्स २ लाख १० हजार नगांचं. त्यावर पॅगोडा आणि त्याभोवती वेल आहे. २०१९ मध्ये हेच चित्र पुन्हा काढलं, पण ते संग्राहकांच्या संचापुरतं आणि त्यावर साल २०१९ आहे. राजा चार्ल्सच्या काळातलं, २०२३ साल असलेलं सामन माशाचं ५० पेन्स त्याहून कमी, २ लाख नगांचं. २०११ च्या ऑलिंपिक मालिकेत २९ प्रकार आहेत. त्यातलं ऑफसाइडचा नियम दाखवणारं फुटबॉलचं नाणं सर्वांत कमी निघालं, सुमारे ११ लाख. भाच्याला क्यूच्या आशेवर ठेवण्यापेक्षा ही मालिका गोळा करायला सांगा, वर्षभरात बरीचशी हाती लागेल.

ब्रिटिश बँकेची ५० पेन्सची प्लॅस्टिक पिशवी १० पौंडांची, म्हणजे २० नाण्यांची असते. क्यू विकत घ्यायचंच झालं तर वजन ८.०० ग्रॅम आणि रुंदी २७.३ मिलिमीटर तपासा. नकली नाण्यात पॅगोड्याच्या मजल्यांच्या रेघा भरून आलेल्या आणि अक्षरं फुगीर दिसतात. जुना गोल पाउंड कुणी सुट्ट्यांत टेकवत असेल तर घेऊ नका, १५ ऑक्टोबर २०१७ नंतर तो दुकानात चालत नाही.

प्रश्न : मस्कतच्या मुत्रा बाजारात १७८० साल असलेलं चांदीचं मोठं नाणं पाहिलं. दुकानदार अडीचशे वर्षांचं म्हणत होता. घ्यावं का? (पाथर्डी फाटा)

ते मारिया थेरेसा थेलर. ऑस्ट्रियाची ही राणी १७८० मध्ये वारली आणि त्यानंतर पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच साल गोठवलं गेलं, कारण अरबस्तानात आणि इथिओपियात लोक दुसरं साल घ्यायलाच तयार नव्हते. व्हिएन्नाबरोबर लंडन, रोम, पॅरिस आणि १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही ते पाडलं. सालावरून वय काढता येत नाही.

म्हणून जुनं नाणं या भावाने घेऊ नका, चांदी म्हणून घ्या. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, म्हणजे शुद्ध २३.३९ ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या दराने गुणा आणि त्यावर थोडंच द्या. जाड कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं आणि नक्षी असते. कड गुळगुळीत असेल किंवा मधोमध जोडाची रेघ दिसत असेल तर ते ओतीव नकली. कडीला जोडलेली नाणी दागिन्यातून काढलेली असतात. कडी झाळल्याची खूण राहते आणि संग्राहकाला ती नको असतात. घरी आल्यावर सराफ बाजारात वजन आणि कस करून घ्यायला हरकत नाही, फक्त कानस लावू देऊ नका.

प्रश्न : तुर्कस्तानात अवशेष पाहताना मुलं रोमन नाणी विकायला येतात. स्वस्त असतात. (देवळाली कॅम्प)

बहुतेक नकली असतात, आणि तुमचं नशीब चांगलं असेल तर नकलीच असतील. खरं निघालं तर विमानतळावर अडकाल. तुर्कस्तानच्या १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने आणि इजिप्तच्या त्याच वर्षीच्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि जमिनीवर पडलेलं सापडलं ही सबब चालत नाही.

नाशिककरांना हे समजायला लांब जायला नको. १९०६ मध्ये जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. कुणी कुणाचा पराभव केला याचा पुरावा त्या प्रमाणात आहे. साठा एकत्र नोंदला गेला म्हणून ते प्रमाण कळलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेक नाणं खिशात घातलं असतं तर उरली असती नुसती चांदी. प्राचीन नाणी पाहायची हौस असेल तर त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे, एक सकाळ तिथे द्या.

प्रश्न : अमेरिकेतल्या संग्राहकाशी अदलाबदल करायला चार-पाच शिवराई नेल्या तर चालतील ना? तांब्याच्याच तर आहेत. (सिन्नर)

नाही. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, धातू कोणताही असो, आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे. अदलाबदलीसाठी स्वातंत्र्यानंतरची नाणी न्या : फुलाच्या आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे दहा पैसे, षटकोनी तीन पैसे आणि वीस पैसे. तिकडच्या मंडळींना ते आकार फार आवडतात आणि आपल्याकडे ती अजून स्वस्त मिळतात.

प्रश्न : भावाने जपान आणि थायलंडहून नाणी आणली, पण साल लागत नाही. (सातपूर)

जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. शोवा असेल तर १९२५ मिळवा, हेसेई असेल तर १९८८, रेवा असेल तर २०१८. ५ आणि १० येनवर आकडेही जपानी लिपीत असतात. १० येनची कड खाचांची असेल तर ते १९५१ ते ५८ मधलं, बाजूला ठेवा. थायलंडच्या सालातून ५४३ वजा करा. १० बाथचं नाणं आकाराने, वजनाने आणि दोन रंगांमुळे २ युरोसारखं वाटतं. युरोपात सुट्ट्यांत ते कधी कधी माथी मारलं जातं, तेव्हा चित्र पाहून घ्या.

प्रश्न : आणलेली नाणी कस्टमला दाखवावी लागतात का? आणि काळी पडलेली चिंचेने उजळली तर? (नाशिक रोड, सिडको)

परदेशी नाणी किती बाळगावीत यावर भारतात राहणाऱ्यांना मर्यादा नाही, मर्यादा नोटांना आहे. चांदी-सोन्याची विकत घेतलेली नाणी मात्र सामानाच्या नियमांत येतात, पावती जवळ ठेवा. विमानतळावरचा घोळ कस्टमचा कमी आणि क्ष-किरणांचा जास्त असतो. रोल किंवा पुरचुंडी पडद्यावर काळाकुट्ट गोळा दिसते आणि बॅग उघडली जाते. नाणी अल्बमच्या पानांच्या कप्प्यांत सपाट पसरा, हातातल्या बॅगेत ठेवा आणि ट्रेमध्ये वेगळी काढा.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांतलं काहीही नको. आम्लाने पृष्ठभागाचा बारीक थर जातो आणि नाणं गुलाबीसर, मेलेलं दिसतं. ती चमक परत येत नाही आणि किंमत निम्म्यावर येते. माती असेल तर कोमट पाण्यात ठेवून मऊ कापडाने टिपा, घासू नका. मऊ, वासाच्या पीव्हीसी पाकिटांत वर्षभरात हिरवट चिकट थर धरतो, कडक मायलरची (पॉलिएस्टर प्लॅस्टिकची) पाकिटं घ्या. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ती बदला.